इंचभर पाणी, हजार घनफूट हवा

हे सावकाश वाचायचं आहे. मधे जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. विषय इंजिनिअरांचा वाटेल, पण त्याला लागणारं सामान एवढंच: हवा, पाणी आणि एक नळी.

आधी डोळ्यांपुढे एक माळ आणा. बीड जिल्ह्यातला, आष्टी-पाटोद्याकडचा, बालाघाटच्या उतारावरचा. एप्रिल सरत आलेला. शेतात बोअरची गाडी लागली आहे. पाणाड्याने जागा दाखवली, नारळ फुटला, दुपारपासून हॅमर खडक फोडतोय आणि भोकातून नुसता फुफाटा उडतोय. मग त्या फुफाट्याचा रंग बदलतो. भुकटी ओली होते, तिचा चिखल होतो आणि एकाएकी पाणी उसळतं. लोक मागे सरतात, पुन्हा पुढे येतात. कुणी म्हणतं, दोन इंची आहे. कुणी म्हणतं, दोन कसलं, अडीच धरा.

इथे थांबा. ज्याचं शेत आहे त्याच्या चेहऱ्याकडे आत्ता पाहू नका. कारंजं उडू द्या आणि फक्त विचारा: यात पाणी किती?

गाडीवरचा मोठा कॉम्प्रेसर मिनिटाला हजार घनफुटांच्या आसपास हवा देतो, म्हणजे सेकंदाला साधारण ४७० लिटर. ती हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि रॉड व भोक यांच्यामधल्या फटीतून वर येते. भोक साडेसहा इंची आणि रॉड साडेचार इंची धरला, तर तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या घरात जातो. ताशी दीडशे किलोमीटर. आता त्या वाऱ्यात सेकंदाला एक लिटर पाणी सोडा. ४७० वाटे हवा, एक वाटा पाणी. एक लिटर काही वाईट नाही, तासाला ३,६०० लिटर होतं. पण कारंज्याची उंची त्या एका लिटरची नसते, ती हवेची असते. कॉम्प्रेसर बंद झाला की ती उंचीही जाते.

ज्याला खरा आकडा हवा तो पाणी चरातून वळवतो आणि वाटेत त्रिकोणी खाचेचा पत्रा रोवतो. काटकोनी खाचेतून अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर, उंचीने पाणी वाहत असेल तर ते सेकंदाला जेमतेम १३५ मिलिलिटर भरतं. पाच सेंटिमीटर उंचीने वाहत असेल तर पाऊण लिटरच्या वर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. हा हिशेब डोळ्याला झेपत नाही, म्हणून ‘दोन की अडीच’ हा वाद कितीही वेळ चालू शकतो.

कारंजं आता बाजूला राहू द्या. मनातल्या मनात हवा कमी करत या.

गाळ येणाऱ्या किंवा मोटर अडकायची भीती असलेल्या बोअरवर कॉम्प्रेसर बसवतात. वरून बारीक नळीने हवा खाली सोडायची, ती मोठ्या नळीच्या तळाशी पाण्यात शिरते आणि दोघं मिळून वर येतात. समजा नळी शंभर मीटर खोल सोडली आहे आणि बोअरमध्ये पाणी जमिनीपासून चाळीस मीटरवर आहे. म्हणजे साठ मीटर नळी पाण्यात बुडालेली. नळीबाहेर साठ मीटर निखळ पाणी उभं आहे. नळीच्या आत शंभर मीटर उंच हवा-पाण्याचं मिश्रण आहे. मिश्रणाची सरासरी घनता पाण्याच्या साठ टक्क्यांखाली गेली की बाहेरचं पाणी आतल्या मिश्रणाला वर लोटतं आणि नळी वाहू लागते.

या गणितावर जरा बसा. संगणक लागला नाही. तराजूच्या दोन पारड्यांवर काम भागलं. नळीत सरासरी चाळीस टक्क्यांहून जास्त हवा हवी, हेही त्यातूनच निघालं. आता पुढचा प्रश्न विचारा: चाळीस टक्के हवा राखायला दर मिनिटाला किती हवा सोडावी लागेल, आणि त्या बदल्यात पाणी किती मिळेल? इथे तराजू गप्प बसतो. कारण हवा पाण्याबरोबर चालत नाही, ती पाण्याच्या पुढे पळते. किती पुढे पळते ते बुडबुड्याच्या आकारावर ठरतं, आणि बुडबुड्याचा आकार वाटेत बदलत जातो. तळाशी सहा बार पाण्याचा दाब आणि वरचा एक वातावरणाचा, असे सात. वर येईपर्यंत तीच हवा सातपट फुगते. खाली बारीक बुडबुडे, मधे नळीभर लांब होणारे गोळे, वर नुसती घुसळण. एकाच नळीत तीन वेगळे प्रवाह.

मे महिन्यात पाणी सत्तर मीटरवर जातं. बुडालेली नळी उरते तीस मीटर. आता सत्तर टक्के हवा हवी. नळी गचके देत ओकते, मग नुसती फुसफुसते.

संगणकाचं प्रतिमान यातलं काय सांगू शकतं?

एकेक बुडबुड्याचा माग काढायचा म्हटलं तर अशा नळीसाठी किंवा खालून हवा सोडलेल्या मोठ्या टाकीसाठी आजचे संगणकही अपुरे पडतात. म्हणून सर्रास वापरली जाणारी रीत अशी आहे. टाकीच्या पोटात एक काल्पनिक जाळी विणायची. जाळीच्या प्रत्येक घरात हवाही आहे आणि पाणीही आहे, दोघंही एकाच जागी, एकाच वेळी, अमुक टक्के हे आणि तमुक टक्के ते, असं धरायचं. दोघांसाठी न्यूटनचे नियम वेगवेगळे लिहायचे आणि मग दोघं एकमेकांना किती ओढतात ते सांगायचं.

एक घर डोळ्यांपुढे धरा. करंगळीच्या पेराएवढं. त्यात बुडबुडा दिसत नाही, कारण प्रतिमानात बुडबुडा नावाची वस्तूच उरलेली नाही. ‘वीस टक्के हवा’ एवढा एक आकडा आहे. बुडबुडा हरवला, पण त्याचं वागणं तर हवं. ते बाहेरून भरावं लागतं: ओढ किती, बाजूला सरकणं किती, त्याच्यामागे पाण्यात उठणारी खळबळ किती. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक आकडा, बुडबुड्याचा व्यास. तो प्रतिमानाला स्वतःहून क्वचितच कळतो. बहुतेक वेळा माणूस तो देतो. पाच मिलिमीटर, असं लिहून टाकतो.

आता इथे थांबणं फार गरजेचं आहे. व्यास थोडा वाढवला की हवा झपाट्याने वर निसटते आणि टाकीतला हवेचा वाटा घटतो. व्यास कमी केला की वाटा वाढतो. म्हणजे प्रयोगात टाकीतली हवा अठरा टक्के निघाली असेल, तर व्यासाचं बटण पिरगाळून प्रतिमानातही अठरा टक्के आणता येते. आलेख तंतोतंत बसतो. अहवालात छान वाक्य येतं. मला विचाराल तर तो आलेख पाहून खूश होण्यासारखं काही नाही. तो बसवलेला असतो.

बुडबुड्याच्या बाजूला सरकण्याची गोष्ट याहून मजेदार आहे. वरच्या दिशेने वाहणाऱ्या नळीत बारीक बुडबुडे भिंतीकडे सरकतात आणि मोठे मधोमध जातात. हवा-पाण्यासाठी ही दिशा पालटण्याचा व्यास जवळपास ५.८ मिलिमीटर धरतात. जपानच्या अकिओ तोमियामा यांच्या २००२ सालच्या कामावरून हा आकडा निघतो. जगभरच्या प्रतिमानांत तो पाण्यासाठी वापरला जातो. पण मूळ मोजणी पाण्यात झालेली नव्हती. ग्लिसरीन मिसळलेल्या, पाण्याहून पुष्कळ दाट द्रवात, एकेका बुडबुड्यावर ती केली होती. तिथून मिळालेलं सूत्र मग पाण्यापर्यंत ओढत आणलं गेलं. ते बऱ्याचदा चालतं. पण ते चाललं म्हणून तपासलं गेलं, असं होत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयाची पंढरी माटुंग्याला आहे. १९३३ साली सुरू झालेल्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आणि आजच्या आयसीटीत, ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ मध्ये बुडबुड्यांच्या स्तंभाचं एक प्रतिमान मांडलं. स्तंभ म्हणजे उभी टाकी, खालून हवा सोडलेली. औषधांपासून खतांपर्यंत कितीतरी रसायनं अशा टाक्यांत बनतात. जोशी-शर्मांनी ऊर्जेचा हिशेब मांडून म्हटलं की आतला द्रव चक्रांमध्ये फिरतो, मधून वर आणि भिंतीलगत खाली, आणि अशी चक्रं एकावर एक रचलेली असतात, प्रत्येकाची उंची स्तंभाच्या व्यासाएवढी. कागद-पेन्सिलीचं, पण कामाचं प्रतिमान. त्यातून निघालेले वेग मोजलेल्या वेगांशी जुळत होते.

मग अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मिलोराद दुदुकोविच यांच्या गटाने एक वेगळाच डोळा बनवला. पाण्याइतक्याच घनतेचा एक किरणोत्सर्गी कण टाकीत सोडायचा आणि बाहेर लावलेल्या शोधकांनी तासन् तास त्याचा माग काढायचा. कण पाण्याबरोबर भटकतो, सगळीकडे जाऊन येतो. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की लांब वेळाची सरासरी घेतली तर चक्रांची चळत दिसत नाही. सगळ्या स्तंभभर एकच मोठं चक्र दिसतं.

म्हणजे माटुंग्याचं प्रतिमान खोटं ठरलं का? घाईने हो म्हणू नका. पुढे १९९४ मध्ये ओहायोतल्या एका गटाने लेझरच्या उजेडात क्षणाक्षणाची छायाचित्रं घेतली, तेव्हा त्यांत भोवरे दिसले. ते उठत होते, खाली घसरत होते, मावळत होते. क्षणाचं चित्र आणि तासाचं चित्र वेगळं होतं, एवढाच त्याचा अर्थ. दोघांपैकी कोणत्या चित्राशी तुमचं प्रतिमान जुळतंय, हे न सांगता नुसतं ‘जुळतंय’ म्हणणं म्हणजे बीडचा वर्षाचा सरासरी पाऊस सांगून पेरणीचा सल्ला देण्यासारखं आहे. सरासरी बरोबर असते. जूनमध्ये एक दणका, मग पाच आठवडे उघडीप, असं वर्ष त्याच सरासरीत मावतं आणि सोयाबीन त्यात करपून जातं.

जोशी स्वतः पुढे संगणकी प्रतिमानांकडे वळले. २००१ मध्ये त्यांनी या साऱ्या कामाचा एक विस्तृत आढावा लिहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले (एनसीएल) विवेक रानडे यांचं याच विषयावरचं पुस्तक २००२ साली आलं. जोशींना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांत बुडबुड्यांचा उल्लेख फारसा झाला नसावा, असा माझा आपला अंदाज. बीडच्या शेजारी जालन्यात आता आयसीटीचं मराठवाडा आवार आहे, २०१८ पासून. तिथल्या कुणा विद्यार्थ्याने बोअरच्या नळीवर काम करायला घेतलं तर मला मनापासून आनंद होईल.

पण घेतलं तर त्याला पहिला प्रश्न पाण्याचा पडेल.

एक मिलिमीटरच्या थोडा वरचा बुडबुडा मनात सोडा. अगदी शुद्ध पाण्यात तो सेकंदाला तीस-पस्तीस सेंटिमीटरने वर जातो. साध्या पाण्यात, जिथे साबणाचा, तेलाचा, सेंद्रिय कचऱ्याचा अंश असतोच, तिथे तोच बुडबुडा जवळपास निम्म्या वेगाने चढतो. कचरा बुडबुड्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो आणि त्याची कातडी ताठ करतो. पाण्याची घनता तीच, श्यानता तीच. वेग मात्र अर्धा. क्षार पुरेसे असले तर आणखी एक होतं: दोन बुडबुडे भिडले तरी एक होत नाहीत. समुद्राच्या लाटेचा फेस टिकतो आणि गोड्या पाण्याचा लगेच विरतो, त्यात याचाही हात असतो. तेव्हा ‘प्रयोग पाण्यावर केला’ एवढं पुरत नाही. कोणतं पाणी? नळाचं, गाळलेलं, की शंभर मीटर काळ्या खडकातून आलेलं?

पुढचा प्रश्न मोजणाऱ्या सुईचा. बुडबुडा पकडायला प्रवाहात बारीक सुई ठेवतात. टोक हवेत आलं की वीज वाहायची थांबते. पण बुडबुडा काही दर वेळी मधोमध सुईवर येत नाही. कडेला टोचला गेला तर सुईला तो लहान वाटतो. हलका असला तर सुई चुकवून बाजूने जातो. लेझर कुणाला टोचत नाही, पण हवा थोडी वाढली की बुडबुड्यांच्या गर्दीत त्याचा उजेडच पार जात नाही. गॅमा किरण आरपार जातात आणि वाटेतल्या सगळ्या हवेची बेरीज सांगतात. ती हवा कुठे होती ते सांगायला बऱ्याच दिशांनी पाहावं लागतं. प्रयोग म्हणजे सत्य आणि प्रतिमान म्हणजे अंदाज, अशी वाटणी मनात असेल तर ती इथे सोडून द्या. सुईमागेही एक प्रतिमान असतं. फक्त ते जुनं असल्यामुळे कुणी त्याला ते नाव देत नाही.

आता एक प्रयोग हातात घ्या, मनातल्या मनात नको. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप मिळवा. तिच्यात हवा राहिली तर लेव्हल चुकते, म्हणून गवंडी पाणी भरल्यावर नळी झटकून झटकून बुडबुडे काढतो. अगदी बारीक नळीत ते झटकूनही हलत नाहीत. आपल्याला तो बुडबुडा हवाच आहे. तिचा हातभर लांब तुकडा घ्या, पाणी भरा, दोन्ही तोंडं बंद करा, आत बोटाच्या पेराएवढी हवा ठेवा. नळी उलटी करून सरळ उभी धरा. लांबट बुडबुडा वर चढेल.

उभ्या नळीतल्या अशा बुडबुड्याच्या वेगाचं सूत्र दुमित्रेस्कू यांनी १९४३ मध्ये आणि डेव्हिस व टेलर यांनी १९५० मध्ये काढलं. गुरुत्वप्रवेग गुणिले नळीचा व्यास, त्याचं वर्गमूळ, त्याला ०.३५ ने गुणा. पाच सेंटिमीटरच्या नळीला उत्तर येतं सेकंदाला साडेचोवीस सेंटिमीटर, आणि मोजलं तर तेवढंच भरतं. तुमची नळी दहा मिलिमीटरची असेल तर सूत्र म्हणतं अकरा. पृष्ठताण धरून सुधारलेलं सूत्र म्हणतं सातच्या आसपास. नळी पाच मिलिमीटरची असेल तर पहिलं सूत्र आठाच्या जवळचा आकडा निर्धास्तपणे सांगतं, आणि बुडबुडा जागचा हलत नाही. सूत्र चुकीचं झालेलं नाही. त्याला पृष्ठताण माहीतच नव्हता, आणि रुंद नळीत त्याची गरजही नव्हती.

तो अडकलेला बुडबुडा थोडा वेळ पाहा. मग परळीकडे चला.

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राचं नाव बीडकरांनी पाण्यासाठीच जास्त ऐकलं आहे. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले. पाणी नसेल तर वीज नाही. बॉयलरच्या नळ्यांतून वाहतं तेही पाणीच. ड्रम असलेल्या बॉयलरमध्ये थंड बाजूने जड पाणी उतरतं, तापलेल्या नळ्यांतून पाणी आणि वाफेचं हलकं मिश्रण चढतं, आणि पंपाशिवाय चक्र फिरतं. आष्टीच्या कॉम्प्रेसरची तीच रीत, हवेच्या जागी वाफ. म्हणून माटुंग्याच्या काचेच्या स्तंभात तपासलेलं प्रतिमान परळीला चालेल असं वाटतं.

आकडे पाहा. उघड्यावर पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड. १५० बार दाबाला उकळतं पाणी घनमीटरला सहाशे किलो आणि वाफ जवळजवळ शंभर किलो. सहा पट. पृष्ठताण खोलीतल्या पाण्याच्या दशांशही उरत नाही. बुडबुड्याला बुडबुडा ठेवणाऱ्या सगळ्या गोष्टी बदलल्या. आणि दोन मीटरच्या काचेच्या स्तंभात हवा तळापासून वरपर्यंत जेमतेम वीस टक्के फुगते. आष्टीच्या नळीतली सातपट त्या प्रतिमानाने कधी पाहिलेलीच नसते. लेव्हल पाइपातल्या सूत्रासारखं ते प्रतिमानही निर्धास्तपणे आकडा देईल.

अणुभट्टीवाल्यांना हे फार आधी कळलं, कारण तिथे नळी चुकून कोरडी पडणं परवडत नाही. तारापूरच्या १९६९ च्या भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं. तसल्या इंधनाच्या जुडग्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती जपानमध्ये उभारून, आत विजेने तापवून, खऱ्या दाबाला क्ष-किरणांनी वाफेचा वाटा मोजला गेला आणि ती मोजणी जगभरच्या गटांसमोर तपासणीसाठी ठेवली गेली. या क्षेत्रात एक पद्धत आहे जी मला सगळ्यात आवडते. काही कसोट्यांत प्रयोगाची मांडणी, दाब, उष्णता, सगळं आधी कळवतात. मोजलेले आकडे मात्र बंद ठेवतात. प्रत्येकाने आपल्या प्रतिमानाचं उत्तर आधी पाठवायचं, मगच आकडे उघडायचे. व्यासाचं बटण पिरगाळायला जागा नाही.

लेव्हल पाइप अजून हातात आहे ना? व्यास मोजा, सूत्राचा वेग कागदावर लिहा, मगच मोबाइलचं घड्याळ सुरू करा. नंतर त्याच पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आहे. नवा आकडा काय येईल तोही आधी लिहायचा, आणि पहिला खोडायचा नाही.